विश्लेषण : दिव्यांग मुलाला खुर्ची मिळते, पण ती त्याच्या मापाची असते का?

तालुक्याला शिबिर भरतं, पाहुण्यांच्या हस्ते साहित्यवाटप होतं, फोटो निघतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची ‘सीपी चेअर’ही त्यात असते. शाळकरी मुलांच्या साहित्याचा खर्च केंद्राची ‘एडिप’ योजना आणि समग्र शिक्षा यांच्यात ६०:४० असा विभागला जातो. साहित्य येतं ते कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीकडून. खरा प्रश्न खुर्ची घरी पोहोचल्यावर सुरू होतो.

बसण्याला एवढं महत्त्व का?

सेरेब्रल पाल्सीत स्नायू सारख्या जोराने ओढत नाहीत. मूल एका बाजूला कलतं, सीटवरून पुढे घसरतं. तोल सावरण्यातच हात अडकले तर पेन्सिल कशी धरणार? मान मागे पडलेली असताना भरवलं तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर मणक्याला बाक येण्याची भीती असते. या आजारातल्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. चांगली खुर्ची हे सरकणं थांबवेल असं मानून चालणार नाही. त्यासाठी ठरावीक काळाने एक्स-रे लागतोच. पण हात मोकळे होणं, घास नीट गिळला जाणं हा फायदा अनेकदा लगेच दिसतो.

मग अडतं कुठे?

मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात माप घेण्याइतकंच महत्त्व खुर्ची अंगाला बसवून पाहणं, घरच्यांना शिकवणं आणि नंतरच्या तपासणीला आहे. एका दिवसाच्या शिबिरात नेमकं हेच राहून जातं. वाटप मोजायला सोपं, पाठपुरावा मोजणार कोण?

घरी काय पाहायचं?

आधी कंबर. ती सीटच्या पार मागे टेकलेली हवी. ती सुटली की वरचं सगळंच बिघडतं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. गुडघ्यामागे दोन बोटं जातील एवढी जागा हवी. पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वरच्या टोकाशी हवा. आणि खुर्ची कितीही चांगली असली तरी मुलाला दिवसभर तिच्यातच ठेवू नये. आडवं करणं, कुशीवर झोपवणं, जमत असेल तर आधाराने उभं करणं, असा बदल हवाच. शंका असेल तिथे फिजिओथेरपिस्टला विचारून.

एक नियम अनेक पालकांपर्यंत पोहोचतच नाही. ‘एडिप’मध्ये पुन्हा साधन मिळायला एरवी तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकाच वर्षाची आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. पुढच्या शिबिराला जाताना मुलाला जुन्या खुर्चीत बसवून बाजूने काढलेला फोटोही न्यावा. खुर्ची कुठे अपुरी पडते, हे त्यात चटकन दिसतं.