हरणाऱ्याची बिदागी

‘हारिल्ल्याक पयशे कित्याक?’ गतवर्षी फोंडा महालातील एका देवस्थानच्या उत्सवास आम्ही गेलो असता अग्रशाळेच्या ओसरीवर एका वयोवृद्ध स्नेह्यांनी हा प्रश्न आम्हांस विचारला. विषय निघाला होता स्नूकरचा. त्यांच्या नातवाने हा खेळ धंदा म्हणून पत्करण्याचा मनसुबा घरात जाहीर केला होता आणि कायद्याचा माणूस म्हणून आजोबांना आमचे मत हवे होते. आम्ही दिलेले मत ओसरीवरच्या मंडळींना मुळीच रुचले नाही. तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन. स्नूकर हा विलायती साहेबाचा रिकामटेकडा खेळ, असे आपण समजतो. साहेबाचा तो खराच. पण त्याचा जन्म १८७५ साली जबलपुरात, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. तो बसविणारे नेव्हिल चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ते नव्हेत. नियम कागदावर आले उटीच्या क्लबात. म्हणजे मध्य प्रांतात जन्मून निलगिरीवर मुंज झालेले हे पोर आहे. त्याला परके म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

आज या खेळाचा व्यावसायिक दौरा सुमारे १२८ खेळाडूंचा असतो. दौऱ्याचे कार्ड साधारणपणे दोन वर्षांचे. दोन वर्षांअखेर गुणानुक्रमात पहिल्या ६४ मध्ये असलेला राहतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना कार्ड गमवावे लागते आणि ते परत मिळविण्यासाठी २०११ साली सुरू झालेल्या ‘क्यू स्कूल’ नामक चाळणीतून जावे लागते. खेळाडू कोणाचाही नोकर नाही. विमानभाडे, खोलीभाडे, सरावाच्या टेबलाचे भाडे, व्हिसा, सारे त्याच्याच खिशातून. दौऱ्याचे केंद्र इंग्लंडात असल्याने आपल्याकडच्या मुलाला बिऱ्हाडही तिकडेच करावे लागते. आणि उत्पन्न? जिंकलेल्या सामन्यांचे बक्षीस. २०१३ नंतर कित्येक वर्षे बहुतेक स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हातावर एक पेनीही पडत नसे. त्यातच २०१४ पासून गुणानुक्रम ठरू लागला तो दोन वर्षांच्या बक्षिसांच्या बेरजेवर. म्हणजे हरलेल्याला पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून क्रमांकही नाही. एका अपराधाला दोनदा शिक्षा देऊ नये, असे आमच्या राज्यघटनेचे २० वे कलम सांगते. येथे तर मुळात अपराधच नाही!

वकिली व्यवसायाचेच पाहा. खटल्यात एक पक्ष हरतोच; पण त्याच्या वकिलाची फी बुडत नाही. इतकेच नव्हे, फी निकालावर अवलंबून ठेवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. अशिलाच्या जयापजयाशी वकिलाची भाकरी बांधली की त्याची नीयत बिघडते, हा त्यामागील विचार. जी गोष्ट आमच्या धंद्यात गैरवर्तन ठरते, तीच स्नूकरच्या धंद्यात गुणवत्तेची कसोटी म्हणून मिरवते. ओसरीवर आम्ही मंडळींना एवढेच विचारले की, काल रात्रीच्या काल्यात संकासुर मारला गेला, म्हणून त्याचे सोंग घेणाऱ्याची बिदागी कापली काय? कीर्तनकाराला नारळ देताना श्रोते किती जमले याची मोजदाद आपण करतो काय?

यावर एकाने म्हटले, ‘सोंगाचे निराळे. स्पर्धेत श्रेष्ठ कोण हे ठरायचे असते. प्रेक्षक येतात ते विजेत्याला पाहायला.’ आक्षेप वजनदार आहे. परंतु विजेता एकटाच टेबलाभोवती फिरून विजेता होत नाही. १२८ जणांची स्पर्धा भरवायची असेल, तर पहिल्याच फेरीत ६४ जण हरले पाहिजेत. तसे न झाल्यास दुसरी फेरीच होणार नाही. ज्यांच्या पराभवावाचून स्पर्धा उभी राहत नाही, त्यांना स्पर्धेच्या उत्पन्नात वाटा नाही, हा कोणत्या न्यायशास्त्रातला न्याय?

आणि हे हरणारे म्हणजे कोणी लुंगेसुंगे नव्हेत. मुंबईचे आदित्य मेहता यांचेच उदाहरण घ्या. २०१३ साली कोलंबियातील काली येथे जागतिक क्रीडामहोत्सवात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले. गुणानुक्रमाच्या स्पर्धेत एवढी मजल मारणारे ते पहिले भारतीय. तेथे चीनच्या डिंग जुनहुईने त्यांना ५-० असे हरविले. २०१४ साली जर्मनीतील फ्यूर्ट येथे त्यांनी १४७ गुणांचा ब्रेक केला. १४७ म्हणजे काय, हे क्लबात न गेलेल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा, असे पंधरा वेळा. मग सहा रंगीत चेंडू क्रमाने. एकूण छत्तीस चेंडू एकाही चुकीवाचून. बारा फूट लांबीच्या टेबलावर प्रत्येक वेळी पांढरा चेंडू पुढच्या नेमाच्या जागी येऊन थांबला पाहिजे. आम्ही तरुणपणी क्लबात चार चेंडू ओळीने घातले, त्याचे वर्णन अद्याप करीत असतो! एवढे करूनही मेहता यांचे नाव गुणानुक्रमात पहिल्या बत्तिसांत कधी आले नाही, आणि पुढे दौऱ्यावरील त्यांचे कार्डही गेले. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी, ज्यांच्या नावावर बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून पंचवीसहून अधिक जागतिक किताब आहेत, तेही २०१२ ते २०१४ या काळात त्या दौऱ्यावर खेळले आणि मायदेशी परतले. यांना ‘खालच्या क्रमांकाचे’ म्हणणारी यादी क्रमांक सांगते, योग्यता नव्हे.

‘उपाशी ठेवल्याशिवाय खेळाडू लढत नाही’ असाही एक सिद्धांत आहे आणि तो मांडणारे बहुधा जेवलेले असतात. २०२३ च्या जून महिन्यात सामने ठरवून खेळण्याच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडू दोषी ठरले. दोघांवर आजन्म बंदी आली. त्या दहांत सगळेच उपाशी नव्हते, काही चांगले नावाजलेले होते, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. लोभाला भुकेची गरज नसते. पण ज्याच्या घरभाड्याची सोय नाही, त्याच्या दारी सट्टेवाला कोणत्या वेळी येतो, हे फौजदारी कोर्टात बसणाऱ्यास शिकवावे लागत नाही.

दौरा चालविणाऱ्यांनाही हे अखेर थोडेसे उमगले. २०२२ मध्ये त्यांनी त्या मोसमापुरती प्रत्येक खेळाडूला किमान २०,००० पौंडांची हमी दिली. कमाई कमी पडल्यास उरलेली रक्कम भरून द्यावयाची. पाऊल योग्य होते. पण त्यात खोलीभाडे, प्रवास आणि विलायतेतील महागाई वजा करा, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या नातवाच्या हाती काय उरेल याचा हिशोब सहज होईल. आणि ज्या स्पर्धेचा विजेता २०२५ साली एकट्याने ५,००,००० पौंड घेऊन गेला, त्या धंद्यात एवढ्या हमीला उदारता म्हणणे आम्हांस जड जाते. पहिल्या फेरीत टेबलाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला प्रवास आणि मुक्काम भागेल एवढे मानधन हक्क म्हणून मिळावे, उपकार म्हणून नव्हे, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी विजेत्याच्या थैलीतून थोडे काढावे लागले, तर खुशाल काढावे.

आजोबांना आम्ही सल्ला दिला तो याहून रोखठोक होता. नातवाला अडवू नका. परंतु दोन वर्षे एकही सामना न जिंकता निभेल एवढी तरतूद कागदावर मांडा, मगच तिकीट काढा. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग महाप्रसादाची पंगत बसली म्हणून उठले. मुलाने पासपोर्टचा अर्ज केल्याचे परवा पत्राने कळले.