याडी म्हणजे आई

गेल्या माघांत दौंडास भाच्याच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. दौंडचें जंक्शन आणि भीमेचें पात्र सर्वांच्या परिचयाचें आहे; परंतु पाटसच्या बाजूस उसाच्या फडांलगत ज्या खोप्या दिसतात, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. शिरूर तालुक्यांतहि हाच देखावा. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून ऊसतोडणीचीं कुटुंबें येतात; त्यांत बंजारा समाजाचीं पुष्कळ असतात.

माझी भाचेसून तेथील एका शाळेंत पहिलीचा वर्ग घेते. चित्रांतली बाई दाखवून तिनें ‘ही कोण?’ असें विचारतांच फडावरची एक मुलगी चटकन् उठून म्हणाली, ‘याडी!’ वर्ग खो खो हसला. मुलगी जी खालीं बसली, ती पुढें तीन आठवडे बोलली नाहीं.

“मामा, चूक तिची नव्हती,” भाचेसून म्हणाली, “याडी म्हणजे आई, हें मलाच ठाऊक नव्हतें.”

वाचकहो, हसण्याचा अधिकार आपणांस तरी कोठें आहे? माझी आजी कोंकणांतून आली तेव्हां चित्पावनी बोलत असे. पुण्यांत पाहुण्यांसमोर आम्ही नातवंडें हसूं लागलों, तशी ती बोलेनाशी झाली. आज त्या बोलीचें एक वाक्यहि मला धड येत नाहीं.

न्यूझीलंडांतील माओरी लोकांवर हाच प्रसंग सरकारी कायद्यानें आला. १८६७ च्या कायद्यान्वये त्यांच्या शाळांतून इंग्रजीचें शिक्षण सुरू झालें. पुढें स्वभाषा बोलल्याबद्दल कित्येक मुलांस छड्या खाव्या लागल्या. शंभर वर्षांनीं पाहतात तों भाषा बव्हंशीं वृद्धांच्याच तोंडीं उरलेली! तेव्हां १९८२ सालीं वेलिंग्टनजवळ पहिलें ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचें घरटें, निघालें. तेथें आज्यांनीं लहान मुलांशीं केवळ माओरींत बोलावयाचें, गाणीं म्हणावयाचीं, जेवूं घालावयाचें. १९८७ मध्यें त्या भाषेस राजभाषेचा दर्जा मिळाला. आजीला गुरुस्थानीं बसविण्याची ही युक्ति एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास निराळी समजावून द्यावयास नको.

तथापि फडावर ती जशीच्या तशी चालणार नाहीं. म्हातारीं माणसें बहुधा तांड्यावरच राहतात, आणि आई तर पहाटेच कोयता घेऊन निघते. शिवाय गोरबोली मेलेली नाहीं. राजस्थानी कुळांतली ती भाषा घराघरांत नांदते आहे. अडचण आहे ती शाळेच्या उंबरठ्यावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत शिक्षण ‘शक्यतों’ मातृभाषेंत द्यावें असें म्हटलें आहे. या ‘शक्यतों’च्या आडोशास किती आळस लपतो, तें शिक्षकांनीं नव्हे, शिक्षक नेमणारांनीं सांगावें. मराठी तर त्या मुलीस आलीच पाहिजे. पण त्यासाठीं तिला आधीं मुकी करण्याचें कारण काय?

भाचेसुनेनें मग फळ्यावर ‘आई’च्या खालीं ‘याडी’ लिहिलें आणि मुलीसच वाचावयास लाविलें. दुसऱ्या दिवशीं भाकरीचें चित्र निघालें. ‘बाटी,’ मुलगी हळूच म्हणाली. या वेळीं कोणी हसलें नाहीं. उलट शेजारचा मुलगा ‘आणि भावाला काय म्हणतात?’ असें विचारूं लागला. एक वही घातली गेली.

चैत्रांत गळीत संपलें आणि मुलगी आईबापांबरोबर गांवीं गेली. वहींत त्रेचाळीस शब्द आहेत. भाचेसून दिवाळीची वाट पाहत आहे.