उंचीचे मोल कोण ठरवतो?

आमच्या कोरेगावात एखादा मुलगा सहा फुटांवर गेला की ‘याला बास्केटबॉलला घाला’ असे सांगणारे चारजण हमखास भेटतात. एकाच मापावरून माणसाची लायकी ठरवण्याची ही सवय अमेरिकेतल्या बाजारालाही सुटलेली नाही.

सिम भुल्लर हा टोरांटोचा पंजाबी तरुण, उंची ७ फूट ५ इंच. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाकडून खेळताना दुसऱ्या मोसमात तो सामन्यागणिक प्रतिपक्षाचे सरासरी तीनाहून अधिक फटके अडवीत असे. तरीही २०१४ च्या व्यावसायिक निवडीत ६० जागांपैकी एकही त्याला मिळाली नाही. यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. दीडशे किलोंवरचा देह घेऊन मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पुनःपुन्हा धावायचे, ही खरी कसोटी. उंची फूटपट्टीने मोजता येते, दम नव्हे.

पुढे एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतले. संघाचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. हिंदी प्रेक्षकांवर त्यांची नजर होतीच. भुल्लर तीन सामन्यांत मिळून काही मिनिटे खेळला, दोन गुण त्याच्या नावे लागले. ‘भारतीय वंशाचा पहिला खेळाडू’ ही बातमी मात्र जगभर गेली. विकले गेले ते कौशल्य की वंश?

माझा आक्षेप जोखमीच्या वाटणीला आहे. त्या काळी तिकिटांचे व प्रक्षेपणाचे उत्पन्न विद्यापीठांकडे जाई, खेळाडूला केवळ शिष्यवृत्ती मिळे. स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा विद्यार्थी खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाली. तोवर भुल्लर पोटासाठी तैवानातल्या संघांतून खेळू लागला होता.