आंतरवासी आणि अंतेवासी

वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्षभर रुग्णालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्यास मराठीत ‘आंतरवासी’ म्हणतात. संस्कृतात शिष्याला ‘अंतेवासी’ असा जुना शब्द आहे. गुरूच्या निकट राहतो तो अंतेवासी. आजचा आंतरवासी रुग्णालयात अहोरात्र राबतो खरा. परंतु त्याच्या निकट गुरू असतो काय?

नियमांत संदिग्धता नाही. आंतरवासीने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच काम करावे, स्वतंत्रपणे करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटले होते. २०२० साली परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी हे तत्त्व टळलेले नाही. व्यवहारात मात्र रात्रीच्या कक्षात पुष्कळदा आंतरवासीच आंतरवासीला शिकवतो. काल ज्याने पाहिले, तो आज करतो आणि उद्या दुसऱ्यास दाखवतो.

वरिष्ठ थोडे, रुग्ण अपार. शिवाय केल्यावाचून हात बसत नाही, असे यावर सांगितले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण चुकीतून शिकण्यास ती चूक दाखवणारा लागतो. मूत्रनलिका घातली, लघवी बाहेर आली, की काम साधले असे नवख्यास वाटते. घालताना नळीची निर्जंतुकता भंगली असेल, तर त्याचा पुरावा काही दिवसांनी रुग्णाच्या तापातून मिळतो. तोवर आंतरवासी कदाचित दुसऱ्या विभागात गेलेला असतो. चूक त्याला कळत नाही. ती सवय होऊन त्याच्याबरोबर जाते.

सुश्रुतसंहितेच्या ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात शिष्याने छेदनाचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर आणि शिरावेधाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे सांगितले आहे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आणल्या, त्यामागील विचार हाच. परंतु पुतळ्यावरून माणसाकडे जाताना मधले पाऊल गुरूच्या डोळ्यांदेखतच पडले पाहिजे.

त्यासाठी एक साधा दंडक पुरे आहे: आंतरवासीच्या नोंदवहीत, ज्याने ती कृती समक्ष पाहिली त्यानेच सही करावी, महिनाअखेरीस एकगठ्ठा सह्या होऊ नयेत. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्ण आपल्या देहावर विद्यार्थ्याला शिकू देतो. हे ऋण तो न विचारता देत असतो. निदान ते वाया जाऊ नये, एवढी जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.