करार अकरा महिन्यांचा, सोबत बारा वर्षांची

शहरांत भाड्याचे घर बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने मिळते. कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे जगतो. नव्या घरमालकाने नकार दिला, की कधीकधी तो रस्त्यावर सोडला जातो. त्याचे लसीकरण थांबते आणि प्रश्न एका घराचा न राहता सार्वजनिक आरोग्याचा होतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांकडून होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो.

घरमालकाची काळजीही अगदीच निराधार नाही. मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनांमुळे ॲलर्जी होते. मांजर गेल्यावरही ती गाद्या-पडद्यांत काही महिने टिकतात आणि पुढच्या भाडेकरूला दमा असल्यास त्रास देतात.

तरीही सरसकट बंदी हा उपाय नव्हे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही. घरमालक व भाडेकरूंनी करारातच दरवर्षीचा लसीकरण दाखला, कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना आणि घर सोडताना संपूर्ण सफाई या अटी लिहाव्यात. तोंडी नकारापेक्षा या तीन अटी दोघांच्या आणि शेजाऱ्यांच्याही आरोग्याला अधिक उपयोगी पडतील.