जुन्या खेळयंत्राचा नवा पडदा

जुन्या वस्तूचा एखादा भाग काढून त्या जागीं नवा व अधिक चांगला भाग बसविला, म्हणजे ती वस्तु सुधारली असें आपण सहज म्हणतों. घरावरचीं कौलें बदललीं, चष्म्याची काडी बदलली, घड्याळाचा पट्टा बदलला. कोणी हरकत घेत नाहीं. परंतु ज्या भागांतून ती वस्तु आपणांशीं बोलते तोच भाग बदलला तर काय म्हणावें, हा प्रश्न मला गेल्या वर्षीं पडला, आणि त्यास कारण झालें एक मुलांचें खेळणें. आपल्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांस जुनीं हातांतील खेळयंत्रें मिळवून, तीं उघडून, त्यांत नवे झगझगीत पडदे बसविण्याचा छंद लागला आहे. मागील पडदा चांगला कीं पुढील चांगला, यावर मधल्या सुटींत कडाक्याचे वादही ऐकूं येतात. पालकांपैकीं कित्येकांस हा निव्वळ पैशाचा व वेळेचा नाश वाटतो. दोन्ही पक्षांशीं माझा थोडा मतभेद आहे, म्हणून हा लेख.

मी ज्या यंत्राविषयीं मुख्यतः बोलणार आहें तें म्हणजे निन्टेंडो कंपनीचें ‘गेम बॉय’. तें जपानांत २१ एप्रिल १९८९ रोजीं विक्रीस आलें. त्याच्या रचनेमागें गुन्पेई योकोई हे गृहस्थ होते. क्योतो येथील दोशिशा विद्यापीठांत विद्युत्-शास्त्र शिकून ते १९६५ सालीं या कंपनींत लागले, तेव्हां कंपनी पत्ते तयार करीत असे, व योकोई यांचें काम कारखान्यांतील यंत्रांची देखभाल करण्याचें होतें. पुढें तेच तिच्या खेळण्यांचे शिल्पकार झाले. त्यांचें एक मत प्रसिद्ध आहे. जें तंत्र जुनें, स्वस्त व पुरतें पारखलेलें झालें आहे, त्याचाच कांहीं निराळा उपयोग शोधून काढावा. नवलाईच्या मागें धांवूं नये. गेम बॉयचा पडदा हें या मताचें मूर्तिमंत उदाहरण होय.

हा पडदा म्हणजे आडवे १६० व उभे १४४, मिळून २३,०४० ठिपके. रंग नाहींत, पिवळसर हिरव्या भूमीवर फिक्यापासून गडदापर्यंत चार छटा, एवढेंच. आणि मुख्य म्हणजे त्यास स्वतःचा दिवा नाहीं. बाहेरचा उजेड कांचेंतून आंत जातो, पाठीमागच्या रुपेरी पत्र्यावर आपटून परत फिरतो, आणि वाटेंत जेथें द्रवस्फटिकाचा ठिपका त्यास अडवितो ती जागा काळी दिसते. म्हणजे दिवा सूर्याचा, किंवा घरांतल्या बल्बाचा. अंधार पडला कीं खेळ संपला. आमच्या लहानपणीं बाजारांत विटा रचण्याच्या खेळाचीं जीं स्वस्त यंत्रें मिळत, त्यांचीही हीच तऱ्हा होती. तीं उजेडाकडे कलतीं करून खेळतांना मान कशी वांकडी होई, हें ज्यांनीं तीं खेळलीं त्यांस सांगावयास नको.

त्या काळीं दिव्याचा व रंगाचा पडदा करतां येत नव्हता असें मुळींच नाहीं. त्याच १९८९ सालीं अटारी कंपनीनें ‘लिंक्स’ हें यंत्र काढलें, व १९९० सालीं सेगा कंपनीनें ‘गेम गिअर’ काढलें. दोहोंसही रंगीत पडदा व पाठीमागें दिवा होता. पण तो दिवा जळे कशावर? सहा सेलांवर, आणि ते तीन ते पांच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल लागत, व ते त्याच्या कितीतरी पट अधिक वेळ टिकत. अमेरिकेंत गेम बॉय सुमारें ९० डॉलरांस मिळे, तर लिंक्सची किंमत १८० डॉलर होती. शेवटीं काय झालें तें आंकडेच सांगतात. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ति मिळून सुमारें ११ कोटी ८७ लाख यंत्रें विकलीं गेलीं. गेम गिअरची संख्या एक कोटीच्या आसपास राहिली. तेव्हां ज्यास आज आपण त्या पडद्याचा दोष म्हणतों तो दोष नव्हता, तो समजून-उमजून केलेला सौदा होता. उजेड तुमचा तुम्ही आणा, आणि त्याच्या बदल्यांत सेलांचे पैसे वांचवा.

आतां या पडद्यावर हल्लींचीं मुलें जे प्रयोग करतात त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि त्या दोहोंत भेद केला पाहिजे. पहिला प्रकार दुरुस्तीचा. जुन्या गेम बॉयच्या पडद्यावर कालांतरानें उभ्या रेघा गळूं लागतात, म्हणजे त्या ओळींतले ठिपके उमटतच नाहींत. कांचेच्या खालच्या कडेस जी लवचिक पट्टी उष्णतेनें चिकटविलेली असते तिचा सांधा सुटणें, हें याचें कारण. रबराची पट्टी किंचित् दूर सारून, सोल्डरिंगची सळई बेताची तापवून, त्या सांध्यावरून हलक्या हातानें फिरविली कीं गेलेल्या रेघा एकेक करून परत येतात. हें काम ज्यानें एकदां केलें आहे त्याचा आनंद मला ठाऊक आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा हें करतो तेव्हां तो खेळत नसतो, शिकत असतो; आणि पालकांनीं त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं पांच मिनिटें बसून पाहावें अशी माझी त्यांस विनंती आहे. खिडकी मात्र उघडी असूं द्यावी. त्या धुराचा वास पोटांत घेण्यासारखा नसतो.

दुसरा प्रकार बदलाचा. त्यांतही पायऱ्या आहेत. प्रथम लोक मूळची कांच ठेवून तिच्या मागें दिवा घालीत. त्यासाठीं कांचेच्या पाठीस चिकटलेलें रुपेरी परावर्तक पात्याच्या धारेनें सोलून काढावें लागतें, त्या जागीं प्रकाश ध्रुवित करणारी नवी पारदर्शक पट्टी ठेवावी लागते. व चित्र अधिक ठसठशीत दिसावें म्हणून कोणी ती पट्टी काटकोनांत फिरवून, काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करणारी एक चिमुकली चकती मध्यें जोडतात. अलीकडे हा खटाटोप मागें पडला. मूळची कांच सबंधच काढून टाकावयाची, व तिच्या जागीं कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी स्वच्छ दिसणारा, आयपीएस जातीचा नवा पडदा बसवावयाचा, असा शिरस्ता झाला आहे. ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ या २००१ सालच्या यंत्रांत आडवे २४० व उभे १६० ठिपके असतात. त्यासाठीं जे नवे पडदे मिळतात त्यांतील कित्येकांत ७२० व ४८० असतात, म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागीं नवे बरोबर नऊ. गणित नेमकें जुळतें, म्हणून चित्राच्या कडा विटत नाहींत.

मीं यांपैकीं मधली पायरी चढावयास गेलों. माझे मामा बोटीवर नोकरीस होते. त्यांनीं १९९१ सालीं सिंगापूरच्या बंदरांत एक गेम बॉय घेतला होता, आणि केबिनमधल्या दिव्याखालीं ते त्यावर टेट्रिस खेळत. नोकरी सुटल्यावर तें यंत्र कपाटांत पडून राहिलें. दोन वर्षांपूर्वीं मीं तें मागून घेतलें. ‘‘मामा, याच्या आंत दिवा घालून देतों, मग तुम्हांस रात्रींही खेळतां येईल,’’ असें मीं मोठ्या दिमाखानें सांगितलें. पडद्यांत कसलाही बिघाड नव्हता, एकही रेघ गळालेली नव्हती, हें मला येथें नमूद केलें पाहिजे. परावर्तक सोलतांना पातें थोडें तिरपें गेलें, कांचेंतून केंसासारखी एक चीर धांवली, आणि शाईची दौत लवंडावी तसा काळा डाग पसरला. मीं गुपचूप नवा पडदा मागविला, बसविला, व यंत्र मामांच्या हातीं दिलें.

त्यांनीं तें घेऊन नेहमींप्रमाणें सज्जांत खुर्ची टाकली. चार वाजण्याची वेळ, ऊन सरळ आंत येत होतें. थोडा वेळ खेळून त्यांनीं तें खालीं ठेवलें. ‘‘अरे, उजेड पुष्कळ आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण उन्हांत बसलें कीं उलट कमी दिसतें. आणि तो हिरवा रंग कोठें गेला?’’ मजजवळ उत्तर नव्हतें.

त्या दिवसापासून मी पडद्यांची तुलना निराळ्या रीतीनें करूं लागलों. मुलें दोन यंत्रें शेजारीं ठेवून, खोलींत बहुधा अंधार करून, त्यांचें छायाचित्र काढतात. त्यांत जुना पडदा मळकट फडक्यासारखा दिसतो व नवा रत्नासारखा झळकतो. निकाल लागला! पण ही तुलना म्हणजे माशाला झाडावर चढावयास लावून त्याची परीक्षा घेण्यासारखी आहे. जो पडदा बाहेरच्या उजेडावर जगतो त्यास अंधारांत उभा करावयाचा, आणि वर तो निस्तेज आहे म्हणावयाचें! तींच दोन यंत्रें भर दुपारीं अंगणांत नेऊन पाहा. जितकें ऊन कडक तितका जुना पडदा खुलतो, आणि नव्याचा दिवा सूर्यापुढें फिका पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, चित्रें काढणाऱ्यांनीं तीं त्या जुन्या पडद्यासाठींच काढलीं होतीं. गेम बॉय सेकंदास सुमारें ६० चित्रें दाखवितो. पण त्याचा द्रवस्फटिक आळशी, एक चित्र पुरतें पुसून होण्याच्या आंत दुसरें येतें. त्यामुळें धांवत्या वस्तूमागें शेपटासारखी छाया राहते. हें खरोखरीच वैगुण्य होय. परंतु चतुर कारागिरांनीं त्याचाच उपयोग करून घेतला. एखादी सांवली, धूर किंवा ढग अर्धपारदर्शक दाखवावयाचा झाला, तर तो एका चित्रांत काढावयाचा व पुढच्यांत गाळावयाचा. जुन्या आळशी पडद्यावर हीं दोन्ही चित्रें एकमेकांत मिसळत आणि पलीकडचें धूसर दिसे. चार छटांच्या यंत्रांत पांचवी छटा अशी हातचलाखीनें आणलेली! तोच खेळ नव्या चपळ पडद्यावर लावला कीं तो ढग ढग न राहतां नुसता लुकलुकूं लागतो. मग मुलगा म्हणतो, खेळ बिघडला. खेळ जसाच्या तसा आहे; ज्या पडद्याच्या भरंवशावर तो रचला होता तो मात्र गेला.

रंगांचीही कथा अशीच आहे. गेम बॉय अॅडव्हान्सलाही प्रथम दिवा नव्हता, व त्याचा पडदा इतका काळोखा होता कीं त्याविरुद्ध फार ओरड झाली. कोनामी कंपनीचा ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेंतील ‘सर्कल ऑफ द मून’ हा खेळ २००१ सालीं त्यावर आला. भुयारें, तळघरें, रात्र. लोकांना नायक कोठें आहे तेंच दिसेना. म्हणून पुढल्या वर्षीं ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ हा त्याच मालिकेंतला खेळ निघाला, त्यांत रंग मुद्दाम भडक घातले, आणि नायकाच्या आकृतीभोंवतीं एक उजळ कड काढली. आज नवा पडदा बसवून हे दोन्ही खेळ पाहिले, तर पहिला सुरेख दिसतो, व दुसरा जत्रेंतल्या मिठाईसारखा भडक. म्हणजे एकाच नव्या पडद्यानें एका खेळास न्याय मिळतो, आणि दुसऱ्यावर अन्याय होतो. खुद्द निन्टेंडोनेंही पुढें पडदा बदललाच: २००३ सालच्या ‘एसपी’ यंत्रांत पुढून उजेड टाकणारा दिवा घातला, व २००५ सालच्या त्याच्या सुधारलेल्या प्रकारांत पाठीमागून. या शेवटच्या प्रकाराचा पडदा काढून पहिल्या यंत्रांत बसविण्याची युक्ति पुष्कळ वर्षें चालली. त्या मुलांस मी दोष देत नाहीं. काळोखांत चांचपडणाऱ्यानें दिवा लावला, यांत पाप तें कोणतें?

माझें म्हणणें इतकेंच आहे कीं फुटलेला, डागाळलेला, मेलेला पडदा असेल तर तो खुशाल बदला. चांगला पडदा नुसत्या हौसेखातर सोलूं नका. आणि बदललात तरी काढलेली कांच कापसांत गुंडाळून डबींत ठेवा. मूळच्या कारखान्यांतून ती आतां पुन्हां निघणार नाहीं, आणि जितक्या आज फुटतील तितक्या कायमच्या कमी होतील. गंमत अशी कीं, ज्यांच्याजवळ अत्यंत बारीक ठिपक्यांचे पडदे आहेत तेच आतां जुन्याची नक्कल करूं लागले आहेत. ‘अॅनालॉग पॉकेट’ म्हणून एक यंत्र डिसेंबर २०२१ पासून ग्राहकांच्या हातीं पडूं लागलें. त्यांत आडवे १६०० व उभे १४४० ठिपके आहेत, गेम बॉयच्या दहापट, आणि एवढी श्रीमंती खर्च होते ती कशासाठीं? तर त्या जुन्या हिरव्या पडद्याची जाळी व त्याचा फिकेपणा हुबेहूब दाखविण्यासाठीं! नक्कल उत्तम आहे. मीं पाहिली आहे. उन्हांत नेली कीं ती नक्कल आहे हें कळतें.

मामांच्या यंत्राची हकीगत अपुरी राहिली. बरीच शोधाशोध केल्यावर मला दुसरा एक जुना गेम बॉय मिळाला. त्याची पेटी तडकलेली, सेलांच्या जागीं गंज चढलेला, व पडद्यावरच्या सात रेघा गळालेल्या. त्याचा पडदा पट्टीसकट मीं मामांच्या पेटींत बसविला, आणि सळई तापवून सांध्यावरून फिरविली. पांच रेघा परत आल्या. मामा आतां रोज चार वाजतां सज्जांत बसतात, आणि विटा डाव्या कडेस गेल्या म्हणजे मान जराशी कलती करतात, कारण राहिलेल्या दोन रेघा तेथेंच आहेत. त्या येत्या नाताळच्या सुटींत काढून देण्याचें मीं त्यांस कबूल केलें आहे.