एकच डोंगर, दोन बिऱ्हाडे

वाळवंटातला उंदीर म्हटले की वाळूत खोल बीळ करून राहणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. पण जिथे वाळू कमी आणि सारा कातळच आहे, तिथे बीळ खणणार कसे? तिथे घर बांधता येत नाही. आहे त्यातूनच निवडावे लागते.

मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐन गेदी नावाचे ठिकाण आहे. ‘ऐन’ म्हणजे झरा. समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर खाली असलेला हा भाग उन्हाळ्यात भयंकर तापतो. इथल्या दगडांच्या राशींत दोन जातींचे काटेरी उंदीर राहतात. पाठीवरचे केस काट्यांसारखे राठ, म्हणून हे नाव. एक करडा, दुसरा सोनेरी. दोघांना कपारी हव्यात आणि दोघांचे खाणेही बरेचसे सारखे.

कपारीचे मोल मोठे आहे. दगडाखाली ऊन पोहोचत नाही, अंगातले पाणी टिकते आणि घुबडाची झडप चुकते. म्हणूनच चांदण्या रात्री करडा उंदीर उघड्यावर चरायला कचरतो. पण आडोसाही निर्धोक नाही. आपल्याकडच्या फुरशाचा एक भाऊबंद तिथे दगडांलगत दबा धरून बसतो. त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठे चरायचे, हे ऋतू आणि वेळ पाहूनच ठरते.

मग दोन बिऱ्हाडांचे भागते कसे? वेळ वाटून. करडा उंदीर मगरिबनंतर बाहेर पडतो. सोनेरी उंदीर दिवसा फिरतो. उन्हाळ्यात मात्र सकाळी आणि दुपार कलल्यावर. भर दुपारी तो कपारीतच असतो. गंमत अशी, की त्याचे डोळे आजही निशाचराचेच आहेत. संशोधकांनी करड्या उंदरांना तिथून हलवले, तेव्हा सोनेरी उंदीर रात्रीही बाहेर पडू लागला. म्हणजे दिवसाचे फिरणे ही त्याची निव्वळ आवड नव्हे, शेजाऱ्यापायी केलेली तडजोड आहे. त्यासाठी तो ऊन सोसतो आणि अगदी घट्ट लघवी करून थेंब थेंब पाणी वाचवतो.

आपल्या डोंगरांवरही दगडाखाली कितीतरी जीव राहतात. सहलीला गेल्यावर मुले कुतूहलाने दगड उलटतात. त्यांना समजावून सांगा, दगड जागच्या जागी राहू द्या. खाली विंचू-सापाची भीती असते, आणि कुणाचे तरी निवडून घेतलेले घरही.